पडद्यावरच्या शहरात पाणी कोठून येते?

आम्ही काही शिक्षक गेली काही वर्षे नववीच्या मुलांना चित्रासाठी एक विषय देत आलो आहोत : '२०६० सालचे आपले गाव'. गाव तालुक्याचे. एक बाजारपेठ, एक एस.टी. स्थानक, ओढ्याकाठची वस्ती आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड येणारे नळाचे पाणी. चित्रे मात्र दरवर्षी जवळजवळ सारखीच येतात. काचेचे उंच मनोरे, त्यांच्यामधून उडणाऱ्या मोटारी, कोपऱ्यात एखादा यंत्रमानव. ओढा नाही, एस.टी. नाही, माणसे तर नाहीतच. एकदा आम्ही सहज विचारले, "या चित्रात तुमची आई कोठे आहे?" वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, "सर, ती इथे नसेल. हे शहर आहे ना!"

हे उत्तर आम्हाला बोचले. भविष्यकाळ म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी गाव, तेथे आपल्या माणसांना जागा नाही, अशी त्या मुलाची समजूत झाली होती. आणि ती कोणी त्याला सांगितलेली नव्हती. ती चित्रांतून आली होती, आणि ही चित्रे मुख्यतः चित्रपटांतून येतात. म्हणून भविष्यातील शहरे दाखवणारे काही गाजलेले विज्ञान-चित्रपट आम्ही पुन्हा पाहिले. या वेळी कसोटी ठरवून पाहिले.

ही कसोटी सांगण्याआधी थोडे चित्रपट या माध्यमाविषयी बोलले पाहिजे. मराठी वाचकाला विज्ञानकथा नवी नाही. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या कथा शाळांच्या ग्रंथालयांत असतात. पण कथेला एक सवलत असते. 'सकाळी तो कामावर गेला' एवढे लिहून लेखक मोकळा होतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. तो माणूस कोणत्या दारातून बाहेर पडला, जिना कसा होता, रस्त्यावर काय चालले होते, झाडून कोणी काढले, हे सारे दाखवावेच लागते. चौकटीचा कोणताही कोपरा कोरा ठेवता येत नाही. म्हणजे भविष्यातील शहराचा चित्रपट करणाऱ्याला ते शहर मनातल्या मनात का होईना, चालवून पाहावे लागते. 'जर असे झाले, तर काय होईल' हा प्रश्न विज्ञानात आपण नेहमी विचारतो. येथे तो एका अख्ख्या शहराला विचारला जातो.

तेव्हा अशा चित्रपटाचे परीक्षण करताना 'भाकीत खरे ठरले का?' हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारतो. या शहरात पाणी आणि ऊर्जा कोठून येते? घाण कोठे जाते? आणि ही कामे कोण करतो?

पहिला चित्रपट अर्थातच 'मेट्रोपोलिस'. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा हा मूकपट जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखवला गेला. लांग १९२४ साली न्यूयॉर्कला गेले होते आणि तेथील गगनचुंबी इमारतींचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला होता. त्यांच्या शहरात वर श्रीमंतांचे मनोरे, बागा, क्रीडांगणे, जमिनीखाली यंत्रे, आणि त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. एक पाळी मान खाली घालून आत जाते, दुसरी तशीच बाहेर येते. घड्याळाच्या तबकडीवर दहाच तास आहेत, कारण पाळी दहा तासांची आहे.

हे प्रचंड शहर उभे कसे केले, ही हकीकत भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. ऑयगेन श्युफ्टान या तंत्रज्ञाने कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत एक सपाट आरसा ठेवला आणि त्याच्या काही भागाचा चांदीचा मुलामा खरवडून काढला. खरवडलेल्या पारदर्शक भागातून दूर उभे असलेले नट दिसत. उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसे. फिल्मवर दोन्ही मिळून एकच दृश्य उमटे. परावर्तनाचा नियम आपण फळ्यावर शिकवतो; त्यातून असे शहर उभे राहिले, हे कळले की मुलांचे डोळे चमकतात.

या चित्रपटाचे सर्वांत कडक परीक्षण केले ते विज्ञानकथेचे जनक मानल्या जाणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी, १९२७ सालीच. त्यांचे आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत, कारण ते अभियंत्याच्या डोक्याने घेतलेले आहेत. ते म्हणतात, इतकी यंत्रे असलेल्या शहरात राबणाऱ्या माणसांची गरजच काय? यंत्र येते ते माणसाचे ढोरकाम कमी करायला. शिवाय कामगार असे कंगाल ठेवले, तर यंत्रांनी तयार केलेला माल विकत घेणार कोण? आणि वाहतूक सोपी झाल्यावर शहरे उंच वाढत नाहीत, ती आडवी पसरतात.

तिसरा आक्षेप पुष्कळ अंशी बरोबर ठरला. दुसराही विचार करायला लावणारा आहे. पहिल्याबाबत मात्र आमचे वेल्स यांच्याशी जमत नाही. यंत्र आले म्हणून ढोरकाम आपोआप संपत नाही. ज्याचे श्रम स्वस्त आहेत त्याच्याकडे ते सरकते. आपल्या देशात हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि त्या अशा शहरांतून येतात, जेथे काचेचे मनोरे केव्हाच उभे राहिले आहेत. लांग यांची गोष्ट भाबडी आहे, तिचा शेवट तर फारच सोपा आहे. पण शहर कोणाच्या पाठीवर उभे असते, हे त्यांनी कॅमेऱ्याला दाखवायला लावले.

आणखी एक गोष्ट. चित्रपटाच्या उत्तरार्धात संतापलेले कामगार मुख्य यंत्र मोडून टाकतात, आणि लगेच त्यांच्याच तळघरातल्या वस्तीत पाणी शिरू लागते. मुले अडकतात. आम्हाला हे साऱ्या चित्रपटातले सर्वांत शास्त्रशुद्ध दृश्य वाटते. खाण असो की भुयारी रेल्वे, जमिनीखाली पाझरणारे पाणी सतत उपसावे लागते. उपसा थांबला की पाणी आपली वाट शोधते. म्हणजे 'मेट्रोपोलिस' आमच्या पहिल्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर देतो.

वेल्स केवळ टीका करून थांबले नाहीत. १९३६ साली त्यांनी स्वतः लिहिलेला 'थिंग्ज टू कम' हा चित्रपट आला. दिग्दर्शक होते विल्यम कॅमेरॉन मेन्झिस. लांग यांनी जे केले त्याच्या नेमके उलट आपल्याला करायचे आहे, असे वेल्स यांनी सहकाऱ्यांना लेखी बजावले होते. चित्रपटात १९४० साली महायुद्ध सुरू होते (प्रत्यक्षात ते त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले), पुढे अनेक दशके उद्ध्वस्त अवस्था, रोगराई, आणि अखेर २०३६ सालचे स्वच्छ, शुभ्र शहर. हे शहर डोंगराच्या पोटात आहे. उजेड आणि हवा कृत्रिम. एक आजोबा आपल्या नातीला जुन्या इमारतींची चित्रे दाखवून, पूर्वी लोक घरांना खिडक्या ठेवत, असे सांगतात आणि तिला ते फार विचित्र वाटते. हा प्रसंग छान आहे. आपल्याला नैसर्गिक वाटणारी गोष्ट पुढच्या पिढीला चमत्कारिक वाटू शकते, हे त्यातून सहज कळते.

पण आमचे तीन प्रश्न विचारले की या शहराची पंचाईत होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात; ते कपडे कोण धुतो? स्वयंपाक कोठे होतो? लांग यांचा राबणारा माणूस वेल्स यांना नको होता, म्हणून त्यांनी त्याचे कामच पडद्यावरून पुसून टाकले. त्याची जागा कोणत्या यंत्राने घेतली, हे मात्र धड दाखवले नाही. गंमत म्हणजे इतरांचे विज्ञान तपासणाऱ्या वेल्स यांनी शेवटी दोन तरुणांना एका अजस्र तोफेतून चंद्राकडे पाठवले आहे. दहावीच्या मुलांना हे गणित घालावे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग लागतो. तोफेची नळी अगदी एक किलोमीटर लांब धरली, तरी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सहा हजार पटींहून अधिक येते. प्रवाशांचे काय होईल, हे मुलेच सांगतील. रॉबर्ट गोडार्ड यांचे द्रव इंधनाचे अग्निबाण तर त्याआधी दहा वर्षे, १९२६ सालीच उडाले होते.

आता अशा चित्रपटाकडे वळू, ज्याचे भाकीत साफ चुकले आहे. 'सॉयलंट ग्रीन' हा रिचर्ड फ्लायशर यांचा १९७३ सालचा चित्रपट हॅरी हॅरिसन यांच्या १९६६ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. त्यातले न्यूयॉर्क २०२२ सालचे आहे आणि तेथे चार कोटी लोक राहतात. प्रत्यक्षात २०२० च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या ८८ लाख भरली. जगाची लोकसंख्या मात्र २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ८०० कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. पण चित्रपटात दाखवलेला सार्वत्रिक अन्नदुष्काळ आला नाही. सुधारित बियाणे, खते, सिंचन यांचा विचार त्या मांडणीत पुरेसा नव्हता.

मग चित्रपट टाकाऊ ठरला का? आमच्या मते मुळीच नाही. त्याने एक गृहीतक घेतले, माणसे वाढली आणि अन्न संपले, आणि ते रोजच्या जगण्यात शेवटपर्यंत नेले. इमारतींच्या जिन्यांवर माणसे झोपलेली आहेत. नायक त्यांना ओलांडून घरी जातो. हरितगृह परिणामामुळे बारा महिने उकाडा आहे. हा शब्द १९७३ साली किती प्रेक्षकांना ठाऊक असेल! नायकाबरोबर राहणारा म्हातारा दिव्यासाठी घरातच सायकल मारून वीज करतो. हेही गणित करून पाहावे. साधारण प्रकृतीचा माणूस पायडल मारून बराच वेळ ७५ वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. म्हणजे एक युनिट विजेसाठी तेरा-चौदा तास. आपण बटण दाबून जी वीज वापरतो, तिची किंमत त्या म्हाताऱ्याच्या धापा टाकण्यातून जितकी कळते, तितकी बिलावरून कळत नाही. भाकीत चुकले, तरी प्रयोग नीट मांडलेला होता. आणि कोणते गृहीतक चुकले हे आज आपल्याला दाखवता येते, ते त्यामुळेच.

१९८२ सालचा 'ब्लेड रनर' हा रिडली स्कॉट यांचा चित्रपट नोव्हेंबर २०१९ मधील लॉस एंजेलिसमध्ये घडतो. तीही तारीख आता मागे पडली. उडत्या मोटारी आल्या नाहीत, हुबेहूब माणसासारखे कृत्रिम मानव आले नाहीत. उलट नायक बोलण्यासाठी सार्वजनिक व्हिडिओफोनकडे जातो. प्रत्येकाच्या खिशात फोन असेल, ही कल्पना कोणालाच सुचली नाही. तरीही हे शहर खरे वाटते. त्याचे कारण सिड मीड या रेखाटनकाराच्या कामात आहे. वाहने रेखाटण्यासाठी आलेल्या मीड यांनी त्यांच्याभोवतीचे रस्तेही रेखाटले, आणि त्यांत जुन्या इमारती पाडल्या नाहीत. जुन्या भिंतींवर नव्या नळ्या, तारा, हवेची धुराडी चढवली. शहर दाटले की पाडून बांधणे परवडत नाही, डागडुजी करूनच चालवावे लागते, हा त्यामागचा विचार. चित्रपटातील एक महत्त्वाची इमारत तर लॉस एंजेलिसमधील १८९३ साली बांधलेली खरीखुरी ब्रॅडबरी बिल्डिंग आहे. २०१९ साल उजाडले तेव्हा ती १२६ वर्षांची होती आणि उभी होती. उद्याच्या शहराचा मोठा भाग आजच बांधून झालेला असतो, ही गोष्ट आमच्या मुलांच्या चित्रांत कधीच दिसत नाही. ती या चित्रपटाकडून शिकण्यासारखी आहे. त्यातला सततचा पाऊस, धूर आणि रात्र यांमागे एक व्यावहारिक कारणही होते : स्टुडिओतल्या रस्त्याच्या कडा त्यांत लपत. उणीव सांगायची तर, यातली सगळी मुख्य पात्रे एकटी राहतात. कुटुंब म्हणावे असे घर या महानगरात दिसत नाही.

आपल्याकडे मुंबईचे भविष्य पडद्यावर आणण्याचा प्रयत्न २००८ सालच्या 'लव्ह स्टोरी २०५०' या हिंदी चित्रपटात झाला. उडत्या मोटारी, आकाशाला भिडणाऱ्या इमारती, यंत्रमानव; मेहनत बरीच घेतलेली आहे. पण त्याआधी तीनच वर्षे, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबई बुडाली होती. भरतीची वेळ, मिठी नदी, तुंबलेली गटारे यांवर सारे शहर बोलत होते. २०५० सालच्या मुंबईच्या कथेला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या धरणांतून नळांवाटे येते. तानसा धरण १८९२ सालचे आहे. ही नळवाहिनी २०५० साली कोणाच्या शेताजवळून जात असेल, हा एक प्रश्न घेतला असता, तरी केवढा चित्रपट झाला असता! आमच्या मुलांनी काढलेले कोरे, चकचकीत शहर ते हेच.

येथे शिक्षक म्हणतील, एवढे पैसे कोणाकडे आहेत? त्याला दोन फ्रेंच चित्रपटांचे उत्तर आहे. क्रिस मार्कर यांचा १९६२ मधील 'ला जेते' अवघा २८ मिनिटांचा, आणि जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. एका निवेदकाचा आवाज आणि फोटो, एवढ्यावर त्यांनी महायुद्धानंतरचे, जमिनीखाली लपलेले पॅरिस उभे केले. ज्याँ-ल्यूक गोदार यांनी १९६५ साली 'अल्फाव्हिल'साठी एकही भविष्यकालीन नेपथ्य बांधले नाही. तेव्हाच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती, लांब बोळ, दिवे रात्री चित्रित केले आणि संगणकाच्या सत्तेखालचे शहर दाखवले. भविष्य आजच्या रस्त्यावरच चित्रित करता येते.

हे दोन चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून आम्ही चित्राऐवजी पाच मिनिटांचा चित्रपट हा उपक्रम घेतला. साधन म्हणून शिक्षकांचे मोबाइल. नियम चार. साल २०६०. गृहीतक एकच. चित्रीकरण आपल्याच गावात. आणि एका माणसाचा एक दिवस दाखवायचा, त्यात पाणी, कचरा आणि काम या तिन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत.

एका गटातील मुलींनी गृहीतक घेतले, 'सर्व वाहने चालकाविना चालतात'. त्यांच्या चित्रपटात पाण्याचा टँकर येतो. त्यात चालक नाही. संगणकाने हिशेब करून ठरवलेले असते, की रात्री तीनला रस्ते मोकळे असतात आणि फेरी स्वस्त पडते. म्हणून टँकर तीनला येतो. एक बाई अंधारात उठते, दोन हंडे घेऊन रांगेत उभी राहते. टँकर ठरलेली मिनिटे थांबतो आणि निघून जातो. पूर्वीच्या चालकाला 'दादा, थोडं थांबा' म्हणता येत असे. आता म्हणायला कोणी नाही. बाईचे काम केले होते एका मुलीच्या आईनेच, आणि हंडाही घरचाच होता.

चित्रपट निर्दोष नव्हता. पुठ्ठ्याचा एक यंत्रमानव उगाच मध्ये येऊन जातो, आवाज नीट ऐकू येत नाही. शिवाय आम्ही विचारले, टँकर भरतो कोठे? गटाला सांगता येईना. पुढच्या रविवारी त्या मुली विहीर पाहून आल्या, पाण्याची पातळी दोरी सोडून मोजली, आणि गेल्या दहा वर्षांत ती विहीर किती वेळा खोल केली हे मालकाला विचारून आल्या. पाठ्यपुस्तकातील भूजलाचा धडा आम्ही त्यानंतर शिकवला. इतके प्रश्न त्या धड्यावर आम्हाला आधी कधी कोणी विचारले नव्हते.

शिक्षकांना एक सूचना. 'सॉयलंट ग्रीन' आणि 'ब्लेड रनर' यांत हिंसा आहे, प्रौढांसाठीचे प्रसंग आहेत. ते आधी स्वतः पाहावेत आणि वर्गात निवडक भागच दाखवावेत. 'मेट्रोपोलिस'मधील पाळी बदलण्याचे दृश्य आणि पूर, एवढे मात्र कोणत्याही माध्यमिक वर्गाला दाखवता येईल. दृश्य संपले की आपले तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मुलांना बोलू द्यावे.

ज्या मुलाने 'आई इथे नसेल' असे म्हटले होते, तो दुसऱ्या गटात होता. त्या गटाचा चित्रपट पूर्ण झाला नाही. परीक्षा जवळ आली. पण त्यांनी लिहून काढलेले प्रसंग आमच्याकडे आहेत. पहिल्याच ओळीत लिहिले आहे : साल २०६०, एस.टी. स्थानक, आई भाजीची पाटी घेऊन उतरते. पुढच्या वर्षीच्या मुलांना आम्ही हा कागद देणार आहोत आणि विचारणार आहोत, ती कोठून आली, गाडी कशावर चालत होती, आणि पाटीत कोणती भाजी होती.